नऊ पूर्णांक चार

होटगीच्या पुढे, रुळांच्या डाव्या हाताला,
जिथं बाभळीची पानं सिमेंटच्या धुळीनं पांढरी असतात,
तिथल्या एका दगडाखाली मला ती सापडली.
बोटाएवढी. पाठीवर कुसळांच्या रंगाचे ठिपके.
मायाप्पा मेंढरं थांबवून म्हणाला,
"ताई, पालच की ती. घरात न्हाई व्हय तुमच्या?"

होती ना.
ट्यूबलाइटच्या पट्टीमागे राहायची.
अम्मा तिला बल्ली म्हणायची,
शेजारची गौरव्वा हल्ली,
तबस्सुमची खाला छिपकली,
आणि शाळेच्या पुस्तकात पाल.
एका जनावराला चार नावं,
सोलापुरात याचं कुणाला नवल?
पण एकाच नावाखाली दोन जीव
दडून असतील, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मापं घेतली. वरच्या ओठाचे खवले दहा.
मांडीखालची छिद्रं, सहा आणि सहा.
संग्रहातल्या जुन्या पालीचेही दहा, सहा आणि सहा.
सर म्हणाले, तीच आहे, लेबल लाव.
लावलं.
पण मनात जी चुकचुकत राहिली
तिला कुठलं लेबल लावायचं?

शेपटीचं टोक घेतलं, तांदळाच्या कणीएवढं,
आणि तिला तिच्या दगडाशी सोडून आले.
कणी अल्कोहोलमध्ये. मग गरम पाण्यात, रात्रभर.
दोनदा लाइट गेली, एप्रिलच होता.
तिसऱ्यांदा नळीच्या तळाशी
थुंकीच्या तारेसारखं काहीतरी पांढरं दिसलं.

अक्षरं आली हैदराबादहून, शुक्रवारी संध्याकाळी.
ए, टी, जी, सी. एक हजार एकेचाळीस.
जुनीच्या ओळीखाली नवीची ओळ लावली
आणि जिथं जुळेना तिथं तांबडं केलं.
पडदा गोवर आल्यासारखा झाला.

नायना चहाचा कप घेऊन मागे उभा.
एकतीस वर्षं त्यानं चादरींच्या कारखान्यात
जेकार्डचे पत्ते टोचले,
मोर कुठं उठणार ते बोटांनी भोकं चाचपून सांगायचा.
"हे काय, पत्ते चुकलेत?"
"चुकले नाहीत. वेगळे आहेत."
"किती?"
"शंभरात नऊ पूर्णांक चार."
तो बराच वेळ तांबडं बघत राहिला.
"एक-दोन भोकं चुकली तर मोराचा पाय वाकडा होतो,
मोर मोरच राहतो.
शंभरात नऊ म्हणजे, बाळा,
ही आपल्या मागावरची चादरच नव्हे."

हे मी पुढे इंग्रजीत अठरा पानं लिहिलं.
सत्तर लाख वर्षं, असा अंदाज घातला.
तेव्हा भीमा कुठून वाहत होती, कोण जाणे.

पण नावाला एक देह लागतो.
नुसत्या अक्षरांवर कुणी नाव देत नाही,
बरणीत कायमचं कुणीतरी असावं लागतं.
जूनमध्ये पुन्हा गेले. तोच दगड.
तीच निघाली. ओळखली मी तिला,
शेपटी निम्मी फुटून आली होती,
जरा बोथट, ठिपक्यांशिवाय.
दुसरी शोधायला हवी होती. ऊन फार होतं.
हे त्या अठरा पानांत नाही.

आता माळाच्या त्या अंगाला सोलरवाल्यांची तार आली आहे.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
ही कुंपणाच्या आत किती आणि बाहेर किती,
मोजणी चालू आहे. सध्या बाहेर नऊ.

मायाप्पानं विचारलं, काय नाव ठिवलं?
मी सांगितलं. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं,
दुसऱ्यांदा मधेच हसला.
"म्हंजे पालच की."
मग टेकायला म्हणून एका दगडाशी गेला,
वाकून काठीनं तो जरासा उचलला,
आत पाहिलं,
हळूच परत ठेवला
आणि उन्हातच, भुईवर बसला.